पंचाचं मीठ

डॉ. सिदू विरकरांनी मला कधी मारलं नाही. सांगलीच्या आमच्या हॉस्पिटलात त्या काळी हे छातीठोकपणे सांगू शकतील अशी माणसं फार नव्हती. वॉर्डबॉय, हाऊसमन, औषध कंपन्यांचे फिरते एजंट, रोग्याला भेटायला पिऊन आलेले मेव्हणे, एकदा तर म्युनिसिपालिटीचा एक मेंबर, अशा पुष्कळांनी त्यांच्या हाताचा प्रसाद घेतला होता. बाईमाणसावर ते हात उचलत नसत, पण एनॅमलचा ट्रे फेकणं त्यांच्या हिशेबी हात उचलण्यात मोडत नसे. एकदा असा एक ट्रे माझ्या कानाशेजारून भिंतीवर गेला. मीही कोरेगावची. तो ट्रे उचलला, त्यांच्या टेबलावर नेऊन आपटला आणि म्हटलं, घ्या, अजून एक भिंत राहिलीय. ते पोट धरून हसले, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

ही भूकंपाच्या आधीची गोष्ट. कोयनेच्या धक्क्यानं आमच्या वॉर्डाच्या भिंतींना चिरा पडल्या, तोवर ते हॉस्पिटल सोडून गेलेही होते. मी पुरुषांच्या वॉर्डाची सिस्टर होते आणि ते मेडिसीनचे प्रोफेसर. माण तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. बाप कळप घेऊन मुलूखभर फिरायचा आणि हा साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून पुस्तक आणि तालीम दोन्ही करायचा. कुस्तीनं त्यांचे दोन्ही कान मोडले होते, चुरगाळून त्यांची भजी झाली होती. स्टेथोस्कोप त्या कानांत नीट बसतच नसे. छाती तपासताना ते दोन्ही नळ्या बोटांनी दाबून धरत आणि डोळे मिटत. विद्यार्थ्यांना वाटे, सरांची समाधी लागली. त्यांतली निम्मी मुलं पुढं आयुष्यभर डोळे मिटून छाती तपासत राहिली असतील.

त्यांचा मार कशासाठी असे ते मात्र ठरलेलं होतं. चूक माफ होती. लबाडी माफ नव्हती. एका म्हातारीकडून, पोराला खाट मिळवून देतो म्हणून, आमच्या एका वॉर्डबॉयनं चार पैसे उकळले. ती बिचारी डॉक्टरांना दुवा देता देता ते बोलून गेली. विरकरांनी त्या वॉर्डबॉयला गचांडीला धरून वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत नेला आणि खांबावर असा आदळला की त्याची भुवई फुटली. मग त्याच हातानं त्याला टेबलावर निजवला आणि स्वतः टाके घातले. टाके इतके सुरेख की पुढं व्रण शोधावा लागे. मला हे बघून भीती वाटली, रागही आला आणि, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. त्या वऱ्हांड्यात पुन्हा कुणी खाटेचे पैसे मागितले नाहीत.

हाच माणूस धनुर्वाताच्या खोलीत शिरताना बदलून जाई. त्या काळी शेतातला काटा, बैलाचा खूर, विळ्याची जखम, एवढ्यावरून माणसं धनुर्वातानं यायची. जबडा बसलेला, पाठीची कमान झालेली. उजेड पडला, चमचा वाजला, कुणी शिंकलं, तरी रोग्याच्या अंगातून झटका जाई आणि हाडं कडकडत. म्हणून ती खोली खिडक्यांना काळं कापड लावून अंधारी ठेवलेली. विरकर दाराबाहेर बूट काढत, खिशातल्या किल्ल्या माझ्या हाती देत आणि अनवाणी आत जात. सगळ्या वॉर्डाला धाक घालणारा तो आवाज तिथं श्वासापेक्षा मोठा होत नसे. झटका आला की रोग्याची जीभ चावली जाऊ नये म्हणून ते त्याचं डोकं दोन्ही हातांत धरत आणि तो ओसरेपर्यंत सोडत नसत. त्यांच्या अंगठ्यांवर रोग्यांच्या दातांच्या खुणा होत्या. कुस्तीत कमावलेल्या त्या हातांचा याहून चांगला उपयोग मी पाहिला नाही.

त्यांचा दुसरा मुलूख कुस्तीचा फड. कॉलेजच्या वसतिगृहामागं त्यांनी स्वतः तालीम उभी केली होती, आणि माण-खटावच्या जत्रांत कुस्त्यांचा निकाल द्यायला त्यांना मानानं बोलावत. एका वर्षी माणात अशाच एका जत्रेत पटकीची लस टोचायला आमची तुकडी गेली. विट्यावरून पुढं जाईतो एसटीत विरकरांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. जत्रेच्या गावाला जाताना भाकरी कशाला बांधून न्यायची, मी विचारलं. तेव्हा त्यांनी तो रिवाज सांगितला. पंचानं ज्या फडात निकाल द्यायचा, त्या गावचं मीठ शेवटची जोड सुटेपर्यंत पोटात घालायचं नाही. पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं.

"आवं सिस्टर, पोटात गेलेलं मीठ जिभंवर येतं," ते म्हणाले. "पंचाच्या पोटात काय हाय ते आधी बघायचं, मग निकाल ऐकायचा."

गावच्या पंगती उठत होत्या आणि हा मोठा डॉक्टर लिंबाखाली एकटा बसून घरची वाळकी भाकरी चावत होता. पाटील दोनदा बोलवायला आला, तो हात जोडून परत गेला. कुणालाही त्यात अपमान वाटला नाही. उलट पोरं लांबून दाखवत होती, ते बघा पंच.

त्या दिवशी मोठं इनाम विट्याकडच्या एका गलाई शेटनं लावलं होतं. हे लोक परमुलखात सोनं गाळायची दुकानं टाकतात आणि जत्रेला गावाकडं येऊन हात सैल सोडतात. जोड तगडी होती, हलगी कडाडत होती. मला कुस्तीतलं काही कळत नाही, मला ती फार देखणी वाटली. विरकर मात्र हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला हळूहळू लाल होत गेले. मग एकाएकी ते आत उतरले, दोघांना मानगुटीला धरून वेगळं केलं आणि हलगी थांबवायला सांगितली. कुस्ती नुरा होती, म्हणजे दोघांनी आधीच ठरवून घेतलेली. कोण पडणार, कधी पडणार आणि इनाम कसं वाटायचं, सगळं ठरलेलं.

पुढं जे झालं ते बघून मी तोंडावर पदर घेतला. त्यांनी एकाला पाठीवर असा फेकला की त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आमच्या लशीच्या तंबूपर्यंत ऐकू आला. दुसरा पाया पडायला वाकला, त्याचं तोंड त्यांनी मातीत दाबलं. मग दोघांच्या तोंडात मूठमूठ माती कोंबली आणि तशा तोंडानं त्यांना हौद्याभोवती एक फेरी मारायला लावली. एकाचा हात लोंबत होता, दुसऱ्याच्या ओठांतून रक्त आणि माती एकत्र गळत होती, आणि हजारो माणसं चिडीचूप उभी होती. "माती खोटं बोलत न्हाई," विरकर म्हणाले. "खोटं बोलला त्यानं ती खायची." मग त्यांनी आमच्या तंबूत येऊन त्या पोराचा खांदा स्वतः बांधला आणि मला गरम दूध मागवायला सांगितलं. मारायचं आणि बांधायचं, दोन्ही कामं एकाच हाताची. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसात एवढा राग देवानं कशाला भरला होता, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

आता कदमचं सांगते. कदम हा एका मुंबईच्या औषध कंपनीचा एजंट, आमच्याच कोरेगावचा, मला ताई म्हणायचा. गोड बोलणारा, हसरा, कामाला चोख. विरकर एजंट लोकांचा चहा घेत नसत, त्यांची पेनं, कॅलेंडरं खिडकीतून बाहेर जात. नवा कुणी आला की त्याला पहिलं वाक्य ऐकवलं जाई, तुझं मीठ आत ठेव. आमचे डीनसाहेब तसे नव्हते. ते याच कंपनीच्या तिकिटावर परदेशात परिषदेला जाऊन आले होते आणि कंपनी हॉस्पिटलला नवी इमारतही बांधून देणार होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आणि साहेबांची तर पोळीसुद्धा विलायती होती.

या कंपनीनं धनुर्वातावर एक नवं इंजेक्शन काढलं. ते आधी कुठल्यातरी कॉलेजात रोग्यांवर पारखून त्याचा निबंध छापून यायला हवा होता. डीनसाहेब ते काम स्वतःकडं घेणार होते, पण विरकर आडवे आले. साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, मीठ खाल्लेला पंच नको, ही कुस्ती मी सोडवतो, माझ्या पोटात कुणाचं काही नाही. आणि ते खरं होतं. तिथवर तर नक्कीच खरं होतं.

कदम मला वऱ्हांड्यात भेटला तेव्हा तो काळजीत नव्हता. "ताई, सर मीठ खात न्हाईत," तो म्हणाला. "पर मातीला कुठला पैलवान न्हाई म्हणतोय?"

वसतिगृहामागच्या तालमीची माती तेव्हा पावसानं धुपून खडे वर आले होते, पोरांच्या पाठी सोलत होत्या. एका सकाळी कंपनीच्या नावानं तिथं तांबड्या मातीचा ट्रक येऊन उभा राहिला. वर तेलाचे डबे, हळद, लिंबं, आणि ताकासाठी गवळ्याला आगाऊ सांगितलेलं. आमच्याकडं तालमीला माती देणं हे दान समजतच नाहीत. ते देवाला फूल वाहण्यासारखं. कुणीही द्यावं, आणि दिलेल्या मातीला कुणी नाही म्हणू नये. विरकरांनी बूट काढले, वाकून चिमूट उचलली आणि कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. मी विचारलं, सर, हे मीठ नव्हे का?

"आवं, मीठ पोटात जातं," ते म्हणाले. "माती अंगाला लागती. आंगूळ केली की गेली."

त्यांचं हे उत्तर मला तेव्हा पटलंसुद्धा. माती आली म्हणून ती भिजू नये यासाठी पत्र्याचं छप्पर आलं. छप्पर आलं म्हणून पोरांना दूध आणि बदाम आले. बोट दिलं की मनगट धरायचं ही जगाची रीत, पण ते बोट मातीनं माखलेलं होतं म्हणून विरकरांना दिसलं नाही. ते स्वतः त्या दुधाचा थेंबही पीत नसत. रोज संध्याकाळी पोरांना अंग चोळून लढताना बघत आणि कंपनीच्या लोकांना मनापासून दुवा देत.

इंजेक्शनची पारख सुरू झाली. एकाआड एक रोगी. एकाला जुना इलाज, दुसऱ्याला नवं इंजेक्शन. हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही, वशिल्यासाठी नाही, दयेसाठीही नाही. इंजेक्शन गुणाचं होतं हे मीही डोळ्यांनी पाहिलं. सुई टोचली की थोड्या वेळात त्या कमान झालेल्या पाठी सैल पडत, जबडा सुटे. इतके दिवस ज्यांची हाडं कडकडताना ऐकली ती माणसं झोपल्यासारखी शांत पडत. विरकर दाराबाहेर येऊन बुटात पाय घालता घालता म्हणत, चीत. त्यांच्या लेखी झटके थांबले की कुस्ती संपली होती.

ती तिथं संपत नव्हती हे पहिल्यांदा बोलला डॉ. बनसोडे. हा आमचा हाऊसमन, म्हणजे नुकता पास होऊन वॉर्डात राबणारा डॉक्टर, कोरेगाव भागातल्या बौद्ध कुटुंबातला. बाप गिरणीत, आई गावाकडं मजुरीला. कमी बोलणारा, सडपातळ मुलगा. त्याचं म्हणणं सरळ होतं. इंजेक्शन झटका थांबवतं, पण ते सैल पडणं छातीपर्यंत उतरतं आणि श्वासच मंदावतो. जुन्या इलाजावरचे रोगी भयंकर हाल सोसतात, काही जातात, पण बरेच आपल्या पायांनी घरी जातात. नव्या इंजेक्शनवरचे शांत होतात आणि शांतच राहतात. झटके किती थांबले एवढंच मोजायचं हे कुणी ठरवलं, असं त्यानं राऊंडमध्ये विचारलं. ते कंपनीच्या कागदात होतं. विरकरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. धनुर्वातानं माणूस मरतोच, त्याला औषध काय करणार, हे त्यांचं उत्तर. मोठा पैलवान हरला की पोरं पंचाला नावं ठेवतात, असंही वर म्हणाले.

आणि मग शिवाला धनुर्वात झाला.

शिवा आमचा स्ट्रेचर ओढणारा. विरकरांच्याच गावाकडचा, त्यांनीच नोकरीला लावलेला, तालमीतला पहिल्या नंबरचा मल्ल. विरकरांना मूलबाळ नव्हतं, त्यांचा जीव त्याच्यात होता. तालमीतल्या प्रत्येकाच्या दंडात ते दरवर्षी धनुर्वाताची लस टोचत, पण हा दांडगा गडी सुईला भ्यायचा आणि त्या दिवशी कुठंतरी पळून जायचा. हौदा खणताना फावडं पायावर बसलं, जखमेवर त्यानं तीच माती दाबली आणि खणत राहिला. आठवड्याभरात त्याचा जबडा बसला. त्याची नवी नवरी दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसली. विरकरांनी बूट काढले आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

पाळी नव्या इंजेक्शनची होती. क्रम मोडला असता तर कुणी विचारणार नव्हतं, पण त्यांनी तो मोडला नाही, आणि मोडावा असं त्यांना वाटलंही नाही. इंजेक्शन चांगलं आहे यावर त्यांचा विश्वास होता. ते सुई घेऊन दाराशी आले आणि बनसोडे दारात उभा राहिला.

"सर, याला देऊ नका. याचा श्वास जाईल."

विरकर दबक्या आवाजात म्हणाले, बाजूला हो. तो हलला नाही. एरवी वॉर्डात शुद्ध बोलणारा तो मुलगा एकदम घरच्या भाषेवर आला. "या कुस्तीत पंच कोन हाय, सर? तुमी. आन् तुमच्या तालमीत माती कुनाची हाय?"

विरकरांनी सुई माझ्या हातात दिली, शांतपणे दिली, आणि मग त्याच्या तोंडावर मूठ मारली. तो वऱ्हांड्यात दूर जाऊन पडला. फरशीवर त्याचा दात पडला, तोही वाजला. कोटावर रक्त. तो हातांवर उठला, उभा राहिला, पुन्हा दाराशी आला. "माती कुनाची हाय, सर?" या वेळी त्यांनी त्याला छातीला धरून उचलला आणि भिंतीवर आपटला. आत शिवाला तो आवाज ऐकून झटका आला. त्याची हाडं कडकडली तशी विरकरांनी बनसोडेला सोडून दिलं, माझ्या हातातली सुई ओढली आणि अनवाणी आत शिरले.

ते बाहेर आले तेव्हा ऑफिसातला एक कारकून तिथं उभा होता. बनसोडेकडं तिरकं बघत तो म्हणाला, बरं केलंत साहेब, हे लोक अलीकडं फारच चढलेत. विरकर त्याच्याकडं बघत राहिले. आपल्या ठोशाला बाहेरून कोणतं नाव पडलं आहे ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. कारकुनाला त्यांनी जिन्यावरून खाली लोटला, तो घसरत मधल्या वळणापर्यंत गेला. पण त्या मारात नेहमीचा जोर नव्हता. मी बनसोडेच्या तोंडात कापूस धरून बसले होते. मला त्या दिवशी विरकरांचा मनस्वी तिटकारा आला, तो मी लपवलाही नाही.

शिवाचे झटके थांबले. तालमीतली पोरं वऱ्हांड्यात गोळा झाली, नवरीनं शांत झोपलेला नवरा दारातून पाहिला आणि विरकरांच्या पायांवर डोकं ठेवलं. विरकर म्हणाले, चीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळा वॉर्ड जेवत असताना, शिवाच्या ओठांवर निळाई चढली.

मग त्या अंधाऱ्या खोलीत जे झालं ती मी पाहिलेली सगळ्यात भयंकर मारामारी. विरकरांनी काळी कापडं फाडून खिडक्या उघडल्या, शिवाच्या छातीवर चढले आणि दोन्ही हातांनी ती दाबू लागले. बरगड्या मोडल्याचा आवाज आला तरी थांबेनात. तोंडाला तोंड लावून श्वास भरत होते, शिव्या देत होते, ऊठ रं, ऊठ, म्हणत त्याच्या गालात मारत होते. दुसऱ्या बाजूला सुजल्या तोंडाचा बनसोडे शिवाचा जबडा धरून उभा होता. दोघांचा घाम एकाच छातीवर पडत होता. शेवटी बनसोडेनंच त्यांचे हात धरले. त्या माणसाचे हात कुणी धरलेले मी पहिल्यांदा पाहत होते.

विरकरांनी विचारलं, "आधीचंबी असंच गेलं?"

"व्हय, सर. असंच."

ते उठले आणि तसेच अनवाणी तालमीकडं गेले. भर उन्हात फावडं घेऊन त्यांनी हौद्यातली तांबडी माती उपसून गटारात टाकायला सुरुवात केली. हात फुटले, फावड्याचा दांडा रक्तानं निसटायला लागला. त्याच वेळी दुर्दैवानं कदम तिथं आला. त्यांनी त्याला गळ्याला धरून उचलला, आणि कदमनं मला पुढं सांगितलं की ताई, मी त्या दिवशी मेलोच होतो. श्वास कोंडलेला असताना तो एवढंच बोलू शकला, "मी मीठ न्हाई दिलं, सर. माती दिली. तुमीच कपाळाला लावली." विरकरांची पकड सुटली. त्यांच्या हातून कुणी धडधाकट परत गेल्याची ही एकच वेळ.

निबंध वाचायचा दिवस मात्र ठरलेला होता. कॉलेजच्या हॉलमध्ये कंपनीचे मोठे लोक मुंबईहून आले होते, पुढच्या रांगेत हार घालून बसले होते. डीनसाहेबांनी प्रास्ताविकात विरकरांच्या सचोटीचे गोडवे गायले. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, म्हणाले, हा माणूस कुणाचा चहासुद्धा घेत नाही. विरकर मंचावर गेले. हातात कागद नव्हते, भाकरीचं ते फडकं होतं. लोक हसले, त्यांना वाटलं पैलवान शिदोरी घेऊन आला. त्यांनी गाठ सोडली. आत तांबडी माती होती.

"ही कुस्ती नुरा झाली," ते म्हणाले. इंग्रजीत बोलायची सभा, पण ते माणच्या बोलीत बोलत होते. "झटकं थांबलं, त्ये खरं हाय. माणसं मेली, त्येबी खरं हाय. मला फकस्त झटकं दिसलं. बनसोडे डॉक्टरनं डोळं उघडायला सांगितलं, तर मी त्येचा दात पाडला. मी मीठ जपलं आन् माती खाल्ली."

आपल्या भाषेत माती खाणं म्हणजे तोंड काळं करणं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सभेला वाटलं ते तेवढंच म्हणताहेत. त्यांनी मूठ भरली आणि तोंडात कोंबली. दाताखाली खडे कराकरा वाजलेले मागच्या रांगेत मला ऐकू आले. डीनसाहेब ओरडले, दोन शिपाई धावले. एकाला त्यांनी मंचावरून खाली फेकला, दुसऱ्याच्या नाकावर कोपर बसलं, खुर्च्या उलटल्या, पाहुणे हारांसकट भिंतीला चिकटले. पण त्यांना कुणाला मारायचंच नव्हतं, त्यांना वाट हवी होती. तसल्या तोंडानं, हनुवटीवरून तांबडी लाळ गळत, त्यांनी हॉलभोवती एक पूर्ण फेरी मारली. बनसोडे उभा होता तिथं क्षणभर थांबले, मान खाली घातली आणि दारातून बाहेर गेले. माझ्या शेजारच्या नर्सला हसू आलं. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

त्यानं जग फिरलं असं समजू नका. आमच्या वॉर्डात ते इंजेक्शन पुन्हा आलं नाही, एवढंच. पुढं दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजातून त्याचा चांगला निबंध छापून आला म्हणतात. नवी इमारतही झाली. डीनसाहेबांनी विरकरांचं डोकं फिरलं असं लिहून राजीनामा मंजूर केला. बनसोडे पुढं मोठा डॉक्टर झाला. त्यानं खोटा दात बसवला, आणि औषध कंपनीचा माणूस समोर आला की तो जिभेनं तो दात हलवत बसतो असं त्याचे विद्यार्थी सांगतात.

मी विरकरांना शेवटचं पाहिलं ते माणच्या त्याच जत्रेत, आम्ही पुन्हा लस टोचायला गेलो तेव्हा. ते त्या भागातच छोटा दवाखाना घालून राहिले होते. केस पिकले होते, मूठ कायमची थोडी वाकडी झाली होती. पाटील मला म्हणाला, आमी लय इनवण्या केल्या, पर डॉक्टर पंच व्हायला तयार न्हाईत. लिंबाखाली एक तरुण शाळामास्तर फडक्यातली आपली भाकरी खात एकटाच बसला होता. तो त्या दिवसाचा पंच.

विरकर गावच्या पंगतीत बसले होते. सगळ्यांच्या मधोमध, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असे. पहिली जोड अजून लागायची होती. वाढपी पोरगा समोरून मीठ वाढत गेला तसं त्यांनी त्याला मोठ्यानं हाक मारून परत बोलावलं.

"मीठ वाढ रं. आजून वाढ."

पोरगा गोंधळला, पण मूठभर मीठ वाढून पुढं गेला. त्यांनी मान वर करून मला पाहिलं आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बसा, सिस्टर. आता कुनाचंबी चालतंय मला."

मी बसले. फडाकडं हलगी सुरू झाली, माणसं हात धुवून धावली. ते उठले नाहीत. पत्रावळीवर उरलेलं मीठ बोटानं पुसून खात राहिले.